वृद्धाश्रमाच्या फाटकाआड कायदा कोणाचा ?

के. आर. पुरमचे नाव आज बंगळूरकर घेतात ते वाहतुकीच्या कोंडीपायी. रेल्वेमार्गावरचा तारांनी तोललेला पूल झाला, २०२३ साली मेट्रो आली, व्हाइटफील्डच्या संगणक कंपन्यांकडे जाणारा लोंढा याच चौकातून पुढे सरकू लागला, आणि या परिसराची जुनी ओळख पुसट झाली. देशातील कामगार चळवळीला मात्र ती विसरता येणार नाही. स्वातंत्र्यानंतर सार्वजनिक क्षेत्रातील पहिल्या कारखान्यांत ज्याची गणना होते, तो इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजचा कारखाना १९४८ साली येथेच, दूरवाणीनगरात उभा राहिला. डिसेंबर १९८० मध्ये बंगळूरच्या सार्वजनिक उद्योगांतील सुमारे सव्वा लाख कामगारांनी जो संप पुकारला आणि ७७ दिवस चालविला, त्यात हिंदुस्थान एअरोनॉटिक्स, भारत इलेक्ट्रॉनिक्स, हिंदुस्थान मशीन टूल्स, भारत अर्थ मूव्हर्स यांच्या खांद्याला खांदा लावून दूरवाणीनगरचा कामगारही उभा होता.

त्या संपात तिशी-पस्तिशीचा असलेला कामगार आज पंचाहत्तरी ओलांडून गेला आहे. त्याचे काय झाले, हा प्रश्न आपल्या चळवळीने फारसा विचारलेला नाही. वेतनकरार, बोनस, महागाई भत्ता यांसाठी आपण लढलो. पण ज्या दिवशी कामगार फाटकाबाहेर पडला, त्या दिवशी तो आपल्या नोंदवहीतूनही बहुधा बाहेर पडला. कोणी मुलांच्या घरी आहे, कोणी एकटा आहे. आणि ज्याला अंथरुणातून उठविण्यासाठी दुसऱ्याचा हात लागतो, ज्याची स्मृती गेली आहे, ज्याची मुले परदेशात आहेत किंवा ज्याला मुलेच नाहीत, अशांपैकी काहींना पूर्व बंगळूरच्या याच पट्ट्यात ठिकठिकाणी दिसू लागलेल्या खाजगी वृद्धाश्रमांच्या आणि शुश्रूषागृहांच्या दारात यावे लागते. दुमजली भाड्याचा बंगला, फाटकावर कुलूप, आत आठ-दहा खाटा, दोन आया. बाहेरच्या पाटीवर ‘घर’, ‘छाया’, ‘आधार’ अशा अर्थाचे एखादे मायाळू नाव.

यांपैकी काही संस्था मनापासून काम करतात, हे नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न चालकांच्या सद्‌भावनेचा नाहीच. प्रश्न असा की, सद्‌भावना नसेल तेव्हा आतल्या माणसाच्या हाती काय आहे ?

त्याचे कायद्यातील स्थान तपासून पाहा. तो भाडेकरू नाही. तेव्हा ‘उद्यापासून यांना घेऊन जा’ असे नातेवाइकांना दूरध्वनीवरून कळविले की संस्थेचे कर्तव्य संपते. तो रुग्ण म्हणून दाखल झालेला नाही; तेव्हा त्याला दिलेल्या झोपेच्या गोळीची नोंद, ती लिहून देणाऱ्या डॉक्टरची सही, पाठीला झालेल्या जखमेचे टिपण यांची सक्ती होत नाही. तो कैदी तर नाहीच, आणि असता तर कदाचित बरे झाले असते, असे उपरोधाने म्हणावेसे वाटते. कारण कैद्याला तुरुंगाची नियमावली आहे, भेटीचा हक्क आहे, न्यायाधीशाने येऊन तुरुंग पाहण्याची तरतूद आहे. वृद्धाश्रमातल्या माणसाला पैसे भरणारा ग्राहक म्हणावे, तर करारावर सही बहुधा मुलाची असते. ज्याच्याबद्दल करार होतो, तो करारात पक्षच नाही. बाजारव्यवस्थेने माणसाला वस्तूचे रूप दिले, हे आपण सभांतून सांगत आलो. येथे ते अगदी शब्दशः, साध्या कागदावर पाहायला मिळते.

‘आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण’ यासाठी संसदेने २००७ साली कायदा केला. त्याचा गाजावाजा पुष्कळ झाला. मुलांकडून निर्वाहखर्च मिळविण्यासाठी न्यायाधिकरणे आली; दरमहा कमाल १० हजार रुपयांची मर्यादा कायद्यातच घातली गेली. ज्याला मूल नाही, त्याने नातेवाइकाकडे मागावे. पण कोणत्या नातेवाइकाकडे? तर जो त्याच्या मालमत्तेचा ताबेदार आहे किंवा वारस होणार आहे, त्याच्याकडे. म्हणजे सांभाळणारा शोधायचा तो मालमत्तेच्या धाग्यावरून. ज्याच्यामागे घर नाही, जमीन नाही आणि मूलही नाही, अशा खेतमजुराला, बांधकाम मजुराला, धुणीभांडी करून आयुष्य काढलेल्या बाईला या कायद्याने काय दिले ? तिच्यासाठी कलम १९ आहे. प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, निदान १५० निराधार वृद्धांना सामावून घेईल असा आश्रम राज्य सरकार स्थापन ‘करू शकेल’, असे ते कलम सांगते. मुलाने ‘केलेच पाहिजे’, सरकार ‘करू शकेल’. क्रियापदाच्या या एका फरकात राज्यसंस्थेचे सारे वर्गचरित्र उमटले आहे. आश्रमांचा दर्जा कसा असावा, याची योजना आखण्याचे कामही त्याच कलमाने राज्यांच्या मर्जीवर सोडले. डिसेंबर २०१८ मध्ये अश्वनीकुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला केंद्र सरकारला सांगावे लागले की, कोणत्या जिल्ह्यात किती वृद्धाश्रम आहेत याची माहिती राज्यांकडून आधी गोळा करा. कायदा होऊन ११ वर्षे लोटल्यावर मोजणीपासून सुरुवात ! शुश्रूषागृहांची नोंदणी आणि किमान दर्जा यांची तरतूद असलेले दुरुस्ती विधेयक २०१९ च्या डिसेंबरात लोकसभेत मांडले गेले; ते मंजूर न होताच त्या लोकसभेबरोबर २०२४ साली संपुष्टात आले. त्यासाठी संसद एक दिवसही अडली नाही.

देखरेखीविना बंद दाराआड काय घडते, हे बंगळूर शहराने फार जवळून पाहिले आहे. मागडी रस्त्यावर सुमनहळ्ळी येथे भिकाऱ्यांचे सरकारी पुनर्वसन केंद्र आहे. १९७५ च्या कर्नाटक भिक्षा प्रतिबंधक कायद्याखाली पकडलेल्यांना तेथे ठेवले जाते. त्याचा खर्च भागविण्यासाठी मालमत्ता कराबरोबर ३ टक्के उपकर घेतला जातो, म्हणजे के. आर. पुरमचा घरमालकही त्या केंद्रासाठी पैसे भरत आला आहे. ऑगस्ट २०१० मध्ये या केंद्रात काही दिवसांच्या आत वीसहून अधिक माणसे जुलाब-वांतीने दगावली. वृत्तपत्रांनी खोदून पाहिले तेव्हा कळले की, त्या वर्षीच्या जानेवारीपासून तेथे दोनशेहून अधिक मृत्यू झाले होते. दोनशेहून अधिक ! आणि शहराला त्याचा पत्ता नव्हता. केंद्रात क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त माणसे कोंबलेली होती. शहर ‘स्वच्छ’ करण्याच्या मोहिमांत उचलून आणलेल्यांमध्ये कामाच्या शोधात आलेले परप्रांतीय मजूरही होते, वृद्ध होते, मनोरुग्ण होते. केंद्राच्या मोक्याच्या विस्तीर्ण जमिनीवर विकास प्राधिकरणाचा डोळा असल्याचा वादही त्याच वेळी पेटला. तेव्हा विधानसभेत आरडाओरड झाली, चौकश्या झाल्या, खाटा आणि औषधे आली. परंतु जानेवारीत, फेब्रुवारीत, मार्चमध्ये जी माणसे मेली, त्यांच्या मृत्यूची नोंद ज्या वहीत होत होती, ती वही दर महिन्याला बाहेरच्या कोणा माणसाने पाहिली असती तर ऑगस्ट उजाडलाच नसता. आम्हांला या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच वाटते.

बंगळूरकडे बोट दाखविताना महाराष्ट्राने आपले हात तपासावेत. फेब्रुवारी १९९४ मध्ये पुणे जिल्ह्यातील शिरूर येथील शासकीय वसतिगृहातील मतिमंद मुली-स्त्रियांना पुण्याच्या ससून रुग्णालयात आणून त्यांची गर्भाशये काढण्यात आली. ११ शस्त्रक्रिया झाल्या. महिला संघटनांनी आवाज उठविल्यावर सरकारला पुढच्या थांबवाव्या लागल्या. समर्थन काय केले गेले ? मासिक पाळीची स्वच्छता राखणे कर्मचाऱ्यांना जड जाते ! कर्मचारी अपुरे होते, पाणी अपुरे होते, म्हणून निवासी स्त्रीचे शरीरच संस्थेच्या सोयीनुसार कापून घ्यायचे. हा विचार केवळ शिरूरचा नाही. म्हाताऱ्याला शौचास नेणारे कोणी नाही म्हणून त्याचे पाणी तोडणे, रात्रपाळीला एकच आया आहे म्हणून त्याला खाटेला बांधणे किंवा झोपेचे औषध देऊन निजवणे, ही त्याच विचाराची धाकटी भावंडे आहेत. पुढे पनवेलजवळच्या एका संस्थेतील मतिमंद मुलींवरील अत्याचारांचे प्रकरण २०११ साली उघडकीस आले. आणि २०२१ च्या जुलैत तर सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र सरकारला फटकारले, ते याकरिता की, बरे झालेल्या मनोरुग्णांना रुग्णालयांतून काढून भिक्षेकरी गृहांत व वृद्धाश्रमांत हलविण्यात येत होते. कागदावर ‘रुग्णालयातून मुक्त’. प्रत्यक्षात एका कुलपाआडून दुसऱ्या कुलपाआड.

या क्षेत्रात काहीच मिळवता आले नाही, असे मात्र नाही. गुन्हा नसताना मनोरुग्णांना तुरुंगात डांबण्याची जुनी रीत सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली बेकायदा ठरविली, ती शीला बर्वे यांच्या नव्हे, शीला बर्से यांच्या अर्जावर (नावाची गफलत इतक्या वेळा छापून येते, म्हणून मुद्दाम नोंदवितो). मुंबईच्या या पत्रकार बाईंनी तुरुंग आणि सुधारगृहे पालथी घातली होती. तमिळनाडूत एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी साखळदंडांनी जखडलेली २८ माणसे आगीत बळी पडली. त्यानंतरच्या प्रदीर्घ रेट्यातून २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आला. त्यात काय आहे पाहा : साखळीने बांधता येणार नाही, सक्तीने डोके भादरता येणार नाही, निवाशाला स्वतःचे कपडे घालता येतील, त्याच्याकडून सक्तीने काम करवून घेता येणार नाही आणि केलेल्या कामाचा मोबदला द्यावा लागेल, त्याला खाजगीपणा असेल, पत्र व दूरध्वनी असेल, तक्रार ऐकण्यासाठी मंडळ असेल. मंडळे स्थापन करण्यात राज्यांनी केलेली चालढकल हा वेगळा विषय. पण मनोरुग्णाला कायद्याने दिलेले हे साधे हक्क शेजारच्याच बंगल्यात राहणाऱ्या, डोके शाबूत असलेल्या पण पाय गेलेल्या म्हाताऱ्याला कोणत्याही कायद्याने असे कलमवार लिहून दिलेले नाहीत. मागणी नव्याने शोधावी लागणार नाही. ती याच यादीपासून सुरू करता येईल.

अमेरिकेत १९८७ साली शुश्रूषागृहांच्या सुधारणेचा कायदा झाला. बांधून न ठेवले जाण्याचा हक्क, सोयीसाठी गुंगीची औषधे न दिली जाण्याचा हक्क, बाहेर काढण्यापूर्वी ३० दिवसांच्या नोटिशीचा हक्क, निवाशांनी स्वतःची परिषद स्थापन करण्याचा हक्क त्यात आला. त्याआधीच, १९७० च्या दशकात, संस्थांपासून स्वतंत्र असे तक्रार-रक्षक राज्याराज्यांत नेमले जाऊ लागले होते. असे असूनही कोविडच्या साथीत त्या देशातील शुश्रूषागृहांत दोन लाखांहून अधिक निवासी आणि कर्मचारी मरण पावले. हक्कांचा तक्ता भिंतीवर होता. खाटेपाशी माणूस नव्हता. कारण गृहे नफ्यासाठी चालत होती आणि नफा निघतो तो माणसे कमी लावून. ब्रिटनमधील सदर्न क्रॉस कंपनीची कहाणी आणखी बोलकी आहे. वित्तभांडवलाच्या हाती गेलेल्या या कंपनीने आपल्या इमारती विकल्या आणि त्याच पुन्हा भाड्याने घेतल्या. भाडे चढत गेले, आणि २०११ साली साडेसातशेच्या आसपास गृहे चालविणारी ही कंपनी कोसळली, तेव्हा ३१ हजार वृद्धांना उद्या आपली खाट कोठे असेल, हे ठाऊक नव्हते. आपल्याकडेही बांधकाम कंपन्या ‘ज्येष्ठांसाठी निवास’ या नावाने या धंद्यात उतरल्या आहेत. तेथे कायदा येण्यापूर्वी भांडवल आले आहे, एवढाच फरक.

आपल्या कार्यकर्त्यांपैकी काहींच्या मनात येईल की, हा मध्यमवर्गीयांचा, परदेशी मुलांच्या आईबापांचा प्रश्न. श्रमिकांच्या पक्षाने त्यात किती शक्ती घालावी? ही समजूत हिशेबाने तपासावी. केंद्र सरकारचा वृद्धापकाळ निवृत्तिवेतनातील वाटा ६० ते ७९ वर्षांच्या गरीब वृद्धासाठी दरमहा २०० रुपये आहे. २००७ पासून तो तेथेच खिळला आहे. राज्य आपली भर घालते, ती वेगळी. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतील किमान रक्कम सप्टेंबर २०१४ मध्ये दरमहा १००० रुपये ठरली. ही योजना ज्या वेतनावर आधारली, त्याची मर्यादा २००१ पर्यंत ५ हजार आणि नंतर २०१४ पर्यंत साडेसहा हजार होती. म्हणजे कारखान्यात तीस वर्षे काढलेल्या माणसाचे निवृत्तिवेतनही खाजगी शुश्रूषागृहाच्या मासिक दराजवळ फिरकत नाही. खाजगी गृह परवडत नाही, सरकारी गृह ‘करू शकेल’ या क्रियापदात अडकलेले. मग उरते ते घर, आणि घरात ती शुश्रूषा कोण करते? सून, मुलगी, बायको. बिनमजुरीने, नोकरी सोडून. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या अहवालानुसार २०२२ साली देशात साठीपुढची माणसे १४ कोटी ९० लाख होती आणि २०५० पर्यंत ती ३४ कोटी ७० लाख होतील. त्यांतील मूठभरच परदेशी मुलांचे आईबाप आहेत.

आणखी एक बाजू आहे, आणि पक्षाच्या दृष्टीने ती कळीची आहे. निवाशाला खाटेला बांधणारी आया क्रूर असते, असे वर्तमानपत्री वृत्तान्त वाचून वाटते. ती आया बहुधा दूरच्या जिल्ह्यातून किंवा परराज्यातून आलेली असते. त्याच इमारतीत राहते, म्हणून तिच्या पाळीला शेवट नसतो. बारा तासांचे चोवीस केव्हा झाले हे कळत नाही. किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी, साप्ताहिक सुटी हे शब्द तिच्यापर्यंत पोचलेले नसतात. तिला वजन उचलण्याचे, जखम होऊ न देता माणसाची कूस बदलण्याचे शिक्षण कोणी दिलेले नसते. अशा बाईच्या हातून निवाशाचे हक्क सुरक्षित राहतील, ही अपेक्षा करणारा कायदा तिच्या वेतनाबद्दल गप्प बसला, तर तो फक्त शिक्षा करण्यासाठी एक गरीब माणूस हाताशी ठेवतो. म्हणून किती निवाशांमागे किती सेविका, दिवसा किती आणि रात्री किती, हे प्रमाण नोंदणीच्या अटींत आले पाहिजे. त्यात दोघांचेही रक्षण आहे. या सेविकांची संघटना बांधणे हे निवाशांच्या हक्काच्या लढ्याचे परिशिष्ट मानू नये.

कडक नियम केले तर लहान, प्रामाणिक संस्था बंद पडतील आणि माणसे रस्त्यावर येतील, असा एक युक्तिवाद चालक करतात. तो सर्वस्वी खोटा नाही. सुमनहळ्ळीच्या धर्तीवर नुसती धाड घालून गृहांना सील ठोकण्याची मोहीम निघाली, तर तेथून उठवलेली म्हातारी माणसे जातील कोठे ? सरकारी खाट आधी, मग सील, हा क्रम असला पाहिजे. म्हणूनच केवळ तपासनीस वाढवून भागणार नाही, सार्वजनिक व्यवस्था उभी राहिली पाहिजे. केरळने २००८ साली देशात प्रथमच वेदनाशामक शुश्रूषेचे राज्य धोरण स्वीकारले आणि पंचायतींना त्यात गुंतविले. परिचारिका अंथरुणाला खिळलेल्याच्या घरी जाऊ लागली. त्यामुळे वृद्धाश्रमांची गरज संपली नाही, पण दाराला कुलूप असलेल्या जागेशिवाय दुसरा मार्गच नाही, ही स्थिती पालटू शकते हे दिसले. के. आर. पुरमसारख्या भागात, जेथे महानगराच्या कारभाराची फेररचना होऊन २०२५ साली वेगवेगळ्या महापालिका झाल्या आहेत, तेथे नव्या पालिकेच्या पहिल्या अंदाजपत्रकांत या कामासाठी परिचारिकांची किती पदे धरली आहेत, हे विचारण्याची वेळ आताच आहे.

बंगळूरमधील, तसेच पुणे, ठाणे, नागपूर, बेळगाव, इंदूर येथील आपल्या निवृत्त कामगारांच्या संघटनांनी आणि महिला आघाडीने एवढे करता येईल. आपल्या तालुक्यातील सर्व वृद्धाश्रमांची व शुश्रूषागृहांची यादी प्रत्यक्ष फिरून करावी. सरकारची यादी वेगळी निघेल आणि तो फरकच पुढच्या निवेदनाचा मजकूर होईल. निर्वाहविषयक न्यायाधिकरण कर्नाटकात सहायक आयुक्तांकडे, महाराष्ट्रात प्रांताधिकाऱ्यांकडे असते. त्या कचेरीत माहितीच्या अधिकाराखाली साधा अर्ज करावा. आपल्या हद्दीत अशी गृहे किती, त्यांपैकी नोंदलेली किती, शेवटची पाहणी कोणत्या तारखेस व कोणी केली, पाहणीच्या वेळी अधिकारी निवाशांशी चालकांच्या अनुपस्थितीत बोलले काय, गेल्या तीन वर्षांत तेथे किती माणसे मरण पावली आणि मृत्यूच्या दाखल्यावर सही कोणाची आहे, एवढेच त्यात विचारावे. उत्तरासाठी कायद्याने ३० दिवसांची मुदत आहे.